ट्रेडिंग कार्डांच्या नव्या संग्राहकाला सोबती कसे मिळतील? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्डे एकट्यानेही जमवता येतात. मग इतर संग्राहकांशी ओळख कशासाठी करायची?

जमवता येतात, पण संच पूर्ण करणे एकट्याला फार महागात पडते. ही चित्रकार्डे बंद पॅकमधून विकली जातात, त्यांतून काय निघेल हे आधी कळत नाही आणि संच अर्ध्याच्या पुढे सरकला की प्रत्येक नव्या पॅकमध्ये आपल्याकडे असलेलीच कार्डे पुन्हा पुन्हा निघू लागतात. शंभर कार्डांचा एक संच आहे, त्यातील प्रत्येक कार्ड सारख्याच संख्येने छापलेले आहे आणि ती कोणत्याही क्रमाने एकेक करून हाती येत आहेत असे धरले, तर संच पुरा होण्यासाठी सरासरी ५१९ कार्डे घ्यावी लागतात आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक केवळ शेवटच्या दहा कार्डांच्या शोधात खर्ची पडतात. प्रत्यक्षात दुर्मीळ कार्डे कमी छापली जात असल्यामुळे हा आकडा याहून वाईटच निघतो. दुसऱ्या संग्राहकाशी ओळख झाली की आपली दुबार कार्डे त्याच्या रिकाम्या जागा भरतात आणि त्याची आपल्या.

दुसरे कारण माझ्या मते अधिक मोठे आहे. छपाईतले बारीक फरक, बनावट कार्डाची लक्षणे, एखाद्या संचाची मागणी का वाढली किंवा का ओसरली, हे सारे ज्ञान बहुतांशी माणसांकडून माणसांकडे जाते. कार्ड हातात धरून दाखवणारा कोणी भेटला, तर महिन्याभराच्या वाचनाने न उलगडलेली गोष्ट पाच मिनिटांत कळते.

माझ्याकडे अगदी थोडी कार्डे आहेत. एवढ्यावर कोणी माझी दखल घेईल का?

घेईल. आपल्याकडे किती कार्डे आहेत यापेक्षा आपल्याला नेमके काय हवे आहे, याकडे जुन्या संग्राहकांचे लक्ष असते. ‘मी कार्डे जमवतो’ असे सांगणाऱ्याला मदत कशी करावी हे कोणालाच कळत नाही. ‘मला पोकेमॉन या कार्ड खेळाच्या अमुक संचातील पाण्याच्या प्रकारची साधी कार्डे हवी आहेत आणि माझ्याकडे आता अकरा कमी आहेत’ असे सांगणारा मात्र लोकांच्या लक्षात राहतो, आणि पुढे कधीतरी घरातली पेटी चाळताना त्यातले एखादे दिसले की ते त्याच्यासाठी बाजूला ठेवले जाते. म्हणून पहिले काम म्हणजे हव्या असलेल्या कार्डांची नेमकी यादी करणे.

यादीत कार्डाच्या नावासोबत संच, क्रमांक, भाषा आणि चालेल अशी किमान स्थिती लिहावी. बहुतेक आधुनिक कार्डांवर खालच्या कोपऱ्यात क्रमांक छापलेला असतो. उदाहरणार्थ, १९९९ साली इंग्रजीत आलेल्या पोकेमॉनच्या पहिल्या संचातील चारिझार्ड या पात्राच्या कार्डावर ४/१०२ असे आहे, म्हणजे १०२ कार्डांच्या संचातील चौथे. पुढच्या अनेक संचांत एकूण संख्येपेक्षा मोठा क्रमांक असलेली कार्डेही येतात. ती छपाईची चूक नसून संग्राहक ज्यांना सीक्रेट रेअर म्हणतात अशी मुद्दाम घातलेली दुर्मीळ कार्डे असतात. एकाच नावाचे कार्ड वेगवेगळ्या संचांत अनेकदा छापले जात असल्यामुळे क्रमांकाशिवायची यादी फारशी उपयोगाची नसते.

संग्राहक सगळे सारखेच असतात का? मी कोणत्या मंडळींमध्ये जावे?

सारखे मुळीच नसतात, आणि हा फरक न कळल्यामुळे बरेच नवे लोक चुकीच्या टेबलाशी जाऊन निराश होतात.

एक वर्ग खेळाडूंचा. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला मॅजिक : द गॅदरिंग हा खेळ १९९३ साली आला आणि जमवण्याची कार्डे हीच खेळण्याची कार्डेही झाली, त्यानंतर १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचा आणि १९९९ मध्ये कोनामी या जपानी कंपनीचा यू-गि-ओ हा पत्त्यांचा खेळ सुरू झाला. खेळाडूच्या दृष्टीने कार्डाचे मोल त्याच्या डेकमधील, म्हणजे खेळायला घेतलेल्या गठ्ठ्यातील, उपयोगावर ठरते. एखाद्या स्पर्धेत कोणी नवी रचना वापरून जिंकले की काल दुर्लक्षित असलेले कार्ड आज सगळ्यांना हवे असते, आणि तेच कार्ड स्पर्धेच्या नियमांतून बाद झाले की त्याची मागणी उतरते.

क्रीडा कार्डे जमवणाऱ्यांचे जग वेगळे आहे. तेथे एखाद्या खेळाडूची सगळी कार्डे, एखाद्या संघाची कार्डे किंवा कारकिर्दीच्या आरंभीचे कार्ड, ज्याला रुकी कार्ड म्हणतात, यांचा शोध चालतो. जुन्या कार्डांचे अभ्यासक आणखी निराळे. सिगारेटच्या पाकिटांना ताठपणा यावा म्हणून घातल्या जाणाऱ्या चित्रकार्डांपासून या छंदाची एक मोठी शाखा सुरू झाली, आणि १९०९ ते १९११ या काळात अमेरिकेत निघालेल्या टी२०६ या बेसबॉल संचावर आजही बारकाईने अभ्यास चालू आहे. याखेरीज केवळ चित्रकारासाठी किंवा एका आवडत्या पात्रासाठी जमवणारेही पुष्कळ आहेत. मला स्वतःला ही शेवटची मंडळी फार आवडतात, कारण त्यांच्याशी बोलताना किमतीचा विषय सर्वांत शेवटी येतो.

आपण यांपैकी कोण, हे पहिल्याच दिवशी ठरवण्याची आवश्यकता नाही. मात्र समोरचा कोण आहे हे ओळखूनच बोलणे सुरू करावे.

हे लोक प्रत्यक्षात कोठे भेटतात?

कार्ड खेळांची विक्री करणाऱ्या दुकानांत आठवड्यातील ठरावीक संध्याकाळी लोक खेळायला जमतात, आणि नव्या माणसासाठी ती सर्वांत सोपी जागा असते. मॅजिकचा फ्रायडे नाइट मॅजिक हा उपक्रम २००० सालापासून चालू आहे. पोकेमॉनच्या लीग अशाच दुकानांतून आणि क्लबांतून भरतात. दोन्ही खेळांच्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जवळची अधिकृत ठिकाणे शोधण्याची सोय आहे. नवा संच बाजारात येण्याच्या थोडे आधी होणारे प्रीरिलीज हे कार्यक्रम नवशिक्याने आवर्जून गाठावेत. त्या दिवशी सर्वांच्या हातात तीच नवी कार्डे असतात, अनुभवी माणसालाही ती वाचूनच समजून घ्यावी लागतात, आणि शेजाऱ्याला प्रश्न विचारणे अगदी स्वाभाविक वाटते.

दुसरे ठिकाण म्हणजे कार्ड शो, म्हणजे अनेक विक्रेते आणि संग्राहक एका सभागृहात टेबले मांडून बसतात तो मेळावा. अमेरिकेतील क्रीडा संग्राहकांचे राष्ट्रीय अधिवेशन १९८० पासून भरते आहे, पण सुरुवातीला छोटा शो अधिक चांगला. मोठ्या मेळाव्यात विक्रेत्याला बोलायला सवड नसते. छोट्या ठिकाणी दुपार उतरल्यावर गर्दी ओसरते आणि तेव्हा विचारलेल्या प्रश्नांना सविस्तर उत्तरे मिळतात.

जुन्या कार्डांच्या संग्राहकांच्या संस्थाही आहेत. ब्रिटनमधील कार्टोफिलिक सोसायटी १९३८ साली स्थापन झाली आणि तिने जुन्या संचांच्या सूची तयार करण्याचे मोठे काम केले. जवळपास काहीच नसेल तर समाजमाध्यमांवरील गट आहेतच. ते निवडताना मोठ्या सर्वसाधारण गटापेक्षा एका संचाला, एका खेळाडूला किंवा एका पात्राला वाहिलेला छोटा गट घ्यावा, कारण तेथे आपली यादी खरोखर वाचली जाते.

मला खेळता येत नाही. तरीही अशा ठिकाणी गेलो तर चालेल का?

चालेल. केवळ अदलाबदलीसाठी येणारे लोक बहुतेक ठिकाणी असतात. तरी खेळाचे प्राथमिक नियम शिकून घ्यावेत, असे माझे मत आहे. कार्डावर जे लिहिले आहे ते का लिहिले आहे हे कळू लागले की खेळाडूंशी बोलायला विषय मिळतो, आणि कोणते कार्ड कोणाला का हवे आहे याचाही अंदाज येतो.

पहिल्या वेळी सोबत काय न्यावे?

अदलाबदलीसाठी द्यायची कार्डेच घातलेला एक वेगळा बाइंडर, म्हणजे कार्डांसाठी खिसे असलेल्या पानांची वही, न्यावा, ज्याला ट्रेड बाइंडर म्हणतात. जी कार्डे कोणत्याही परिस्थितीत द्यायची नाहीत ती त्यात ठेवू नयेत, कारण ‘हे नाही, तेही नाही’ असे प्रत्येक पानावर सांगावे लागले की पाहणाऱ्याचा हिरमोड होतो. बाजूने कार्ड सरकवता येते असे बंदिस्त खिसे असलेला बाइंडर चांगला. पीव्हीसी असलेली पाने मात्र टाळावीत, ती काळाच्या ओघात कार्डाच्या पृष्ठभागाला अपाय करतात. प्रत्येक कार्डावर पातळ स्लीव्ह (पारदर्शक मऊ पिशवी), काही रिकामे टॉपलोडर (ताठ प्लॅस्टिकची पाकिटे) आणि यादीची एक प्रत एवढे सामान पुरे. बाइंडर नजरेआड करू नये. गर्दीच्या ठिकाणी चोऱ्या होतात.

अदलाबदल प्रत्यक्षात कशी होते आणि तिचे रीतिरिवाज कोणते?

सुरुवात बहुधा ‘आपण ट्रेड करता का?’ या साध्या प्रश्नाने होते. चालू डावात हा प्रश्न विचारू नये. होकार मिळाला की दोघेही आपापले बाइंडर एकमेकांच्या हातात देतात. पाने उलटताना आवडलेले कार्ड परस्पर बाहेर काढायचे नाही. ‘हे काढून पाहू का?’ असे विचारायचे. परवानगी मिळाल्यावर कार्ड कडांनी धरायचे, दिव्याखाली थोडे तिरपे करून पृष्ठभागावरचे ओरखडे पाहायचे, मग उलटे करून पाठीमागच्या चारही कडा पाहायच्या. गडद रंगाच्या पाठीवर कडेला पांढुरके ठिपके दिसले तर कार्ड हाताळले गेले आहे. चमकदार कार्डाला किंचित बाक आलेला असतो, तो बहुधा हवेतील आर्द्रतेचा परिणाम असतो. पण आडवी वळी पडलेली असेल, तर ते नुकसान कायमचे आहे.

स्थितीसाठी पुष्कळ ठिकाणी वापरले जाणारे शब्द चढत्या नुकसानीनुसार असे : निअर मिंट (जवळजवळ नवे), लाइटली प्लेड (थोडे वापरलेले), मॉडरेटली प्लेड (मध्यम वापरलेले), हेवीली प्लेड (खूप वापरलेले) आणि डॅमेज्ड (खराब झालेले). आपल्या कार्डाची स्थिती सांगताना शंका असेल तर एक पायरी खालची सांगावी. समोरच्याला अपेक्षेपेक्षा चांगले कार्ड मिळाले की तो पुन्हा आपल्याकडेच येतो, आणि आपले वर्णन खरे असते ही ख्याती दुर्मीळ कार्डाहून मोलाची आहे. या छंदात सोबती टिकतात ते याच एका गोष्टीवर, असे मी पूर्ण विश्वासाने सांगतो.

मोल ठरवताना कोणी विक्रीसाठी मागितलेली किंमत पाहू नये. प्रत्यक्षात झालेल्या विक्रीच्या किमती पाहाव्यात. अमेरिकेत टीसीजीप्लेअर आणि युरोपात कार्डमार्केट या कार्डविक्रीच्या संकेतस्थळांचे आकडे सर्रास वापरले जातात, तर क्रीडा कार्डांसाठी ईबेवरील पूर्ण झालेल्या विक्रीच्या नोंदी पाहतात. दोघांनीही एकच स्रोत वापरावा. एकाचा आकडा एका ठिकाणचा आणि दुसऱ्याचा दुसरीकडचा असला की वाद होतोच. आणखी एक रीत नव्या माणसाला कोणी सांगत नाही : एका मोठ्या कार्डाच्या बदल्यात पुष्कळ छोटी कार्डे द्यायची असतील, तर छोट्यांची बेरीज थोडी अधिक भरावी लागते, कारण ती पुढे खपवायचे कष्ट घेणाऱ्याच्या वाट्याला येतात.

नकार द्यायचा असेल तर कारण सांगण्याची गरज नाही. ‘आज नको, पण दाखवल्याबद्दल आभार’ एवढे पुरते. ठरलेला व्यवहार मात्र मोडू नये. दुसऱ्या दोघांची बोलणी चालू असताना मध्येच अधिक चांगला प्रस्ताव ठेवणे हा सर्वत्र गंभीर असभ्यपणा समजला जातो.

बनावट कार्ड कसे ओळखावे? आणि शंका आली तर समोरच्याला ते कसे सांगावे?

संशयित कार्डाची तुलना त्याच संचातील खात्रीच्या कार्डाशी करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. दोन्ही शेजारी ठेवून रंग, अक्षरांची जाडी आणि कागदाचा ताठपणा पाहावा. छोटे भिंग जवळ असेल तर चित्राचा भाग पाहावा. खऱ्या छपाईत रंगांचे बारीक ठिपके नियमित पाकळ्यांसारखी रचना करतात, आणि काळी अक्षरे सलग काळ्या शाईत उमटलेली असतात. बनावट कार्डात अक्षरेही अनेकदा ठिपक्यांचीच बनलेली दिसतात. मॅजिकच्या कार्डाच्या पाठीवर पाच रंगांचे गोळे आहेत. त्यांतील हिरव्या गोळ्यात भिंगाखाली चार लाल ठिपके इंग्रजी एल या अक्षराच्या आकारात दिसतात, आणि पुष्कळ बनावट कार्डांत ते तसे नसतात. कार्ड वाकवून किंवा फाडून पाहण्याचे उपाय दुसऱ्याच्या कार्डावर कधीही करू नयेत.

शंका व्यक्त करताना आरोप करू नये. बनावट कार्ड दाखवणारा बहुतेक वेळा स्वतःच फसलेला असतो. ‘याची छपाई मला वेगळी वाटते, आपण जाणकाराला दाखवू या का?’ असे म्हटले की दोघांचाही मान राहतो.

दूरच्या संग्राहकाशी टपालाने व्यवहार करताना कोणती काळजी घ्यावी?

प्रथम कार्डाची ताजी छायाचित्रे मागावीत, ज्यांत कार्डाशेजारी त्या व्यक्तीचे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असेल. इतर ठिकाणाहून उचललेले छायाचित्र त्यामुळे ओळखता येते. गटात त्या व्यक्तीचे आधीचे व्यवहार कसे झाले ते विचारावे. जुने सदस्य अशा चौकशीचा राग मानत नाहीत. ज्याच्या नावावर कमी व्यवहार आहेत त्याने कार्ड आधी पाठवायचे, अशी सर्वसाधारण प्रथा आहे. नव्या माणसाला ती अन्यायाची वाटते, म्हणून पहिले काही व्यवहार गेले तरी चटका बसणार नाही अशा कार्डांचेच करावेत. पैशांचा व्यवहार असेल तर खरेदीदाराला संरक्षण देणारी पद्धतच वापरावी आणि ‘मित्राला पैसे पाठवतो असे दाखवा’ अशी विनंती आली तर तेथेच थांबावे, कारण तसे केल्यास हे संरक्षण मिळत नाही.

पाठवताना कार्ड आधी मऊ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये घालावे, टॉपलोडरचे तोंड सहज निघणाऱ्या कागदी टेपने बंद करावे आणि दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावून ते हलणार नाही असे बांधावे. पारदर्शक चिकटपट्टी टॉपलोडरवर थेट लावू नये. ती काढताना कार्ड बाहेर ओढले जाऊन कोपरा दुमडतो. बांधणीचे छायाचित्र आणि पाकिटाचा माग काढण्याचा टपाल क्रमांक दोन्ही पाठवावेत.

सगळे ग्रेडिंगविषयी बोलत असतात. मला त्याची गरज आहे का?

सुरुवातीला नाही. ग्रेडिंग म्हणजे तटस्थ कंपनीने कार्डाची सत्यता आणि स्थिती तपासून, साधारणपणे १ ते १० गुण देऊन ते प्लॅस्टिकच्या बंद कवचात घालणे. पीएसए ही कंपनी १९९१ पासून हे काम करते आहे. आपले कार्ड पाठवण्यापूर्वी ग्रेडिंगचे शुल्क आणि टपालखर्च यांची बेरीज कार्डाच्या मोलाशी ताडून पाहावी. कवचातील कार्ड घेताना त्यावरील प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा आणि तेथे छायाचित्र असेल तर तेही जुळवावे, कारण आता कवचेही बनावट येतात.

गटातले लोक सतत नवे पॅक फोडतात, ब्रेकमध्ये भाग घेतात. माझी तेवढी ऐपत नाही. मी मागे पडेन का?

ब्रेक म्हणजे अनेकांनी पैसे भरून पॅकची पेटी एकत्र उघडायची आणि कोणत्या संघाची किंवा जागेची कार्डे कोणाला, हे आधी ठरवून घ्यायचे. यात पुष्कळांच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही, आणि नशीब आजमावण्याची ओढ अनेकांना झेपेल त्यापलीकडे नेते. म्हणून महिन्याची मर्यादा आधीच लिहून ठेवावी. हवे असलेले कार्ड सुटे विकत घेणे बहुतेक वेळा पॅकच्या मागे लागण्यापेक्षा स्वस्त पडते, आणि त्यामुळे संग्राहक म्हणून कोणीही आपल्याला कमी लेखू नये. जेथे खर्चावरूनच मान ठरतो, तो गट सोडावा. छोट्या खर्चात सुंदर संग्रह करणारी माणसे पुष्कळ आहेत आणि ती शोधली की सापडतात.

माझ्या मुलाला कार्डांची आवड आहे. त्याला अशा ठिकाणी पाठवणे सुरक्षित आहे का?

सोबत जावे, निदान सुरुवातीला तरी. पोकेमॉनच्या अधिकृत स्पर्धांत वयानुसार ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स असे गट असतात, त्यामुळे मुलाला बरोबरीचे सवंगडी मिळतात. मुलाने प्रौढाशी अदलाबदल करताना पालकाने शेजारी बसावे. प्रौढ संग्राहकाचे कर्तव्य त्याहून मोठे आहे : मुलाला कार्डाचे खरे मोल आधी सांगायचे आणि मगच बोलणी करायची. मुलांच्या अजाणतेपणाचा फायदा घेऊन कार्डे मिळवणाऱ्याला चांगल्या गटांत थारा मिळत नाही, आणि तो मिळूही नये. ऑनलाइन गटांत मुलाने घरचा पत्ता स्वतः कोणाला देऊ नये.

मी नवा आहे. मी इतरांना काय देऊ शकतो?

दुबार साधी कार्डे नवशिक्यांना वाटणे, मेळाव्यात टेबले लावायला हात देणे, आपल्याला मिळालेले उत्तर पुढच्या नवख्याला सांगणे, हे सर्व पहिल्या दिवसापासून जमते. आणि नोंदी ठेवणे. जेफरसन बर्डिक या अमेरिकन गृहस्थांनी विजेच्या सामानाच्या कारखान्यात नोकरी करत, संधिवाताचा त्रास सोसत, इतर संग्राहकांशी पत्रव्यवहार करून कार्डांची सूची तयार केली आणि ती १९३९ साली प्रसिद्ध केली. वर उल्लेख केलेल्या टी२०६ या संचाचे नाव त्यांच्याच पद्धतीचे आहे. टी हे अक्षर तंबाखूच्या कार्डांसाठी होते. आपला तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि तो आल्बममध्ये लावण्याचे काम जाऊन स्वतः केले. आजही एखाद्या संचातील छपाईचा नवा फरक आढळला, तर त्याचे स्वच्छ छायाचित्र काढून संच आणि क्रमांकासह गटात मांडणारा नवा संग्राहक जुन्यांनाही हवाहवासा वाटतो.

पुढे संग्रह कमी करायचा झाला तर आधी कोणाला सांगावे?

ज्यांच्या याद्या आपल्याला ठाऊक आहेत त्यांना. कोणाच्या संचात कोणते कार्ड कमी आहे हे आपल्याला माहीत असते, तेव्हा ती कार्डे आधी त्यांना विचारावीत, मग उरलेला भाग गटात मांडावा आणि त्यानंतरच दुकानदाराकडे न्यावा. दुकानदार पुढे विकायचा खर्च आणि नफा धरून दर देतो, त्यामुळे तो बाजारभावाहून कमी असतो. रोख रकमेऐवजी दुकानातील खरेदीसाठी जमा घेतल्यास बहुधा थोडे अधिक मिळते. साध्या कार्डांचा गठ्ठा सुटा करून विकण्याच्या फंदात पडू नये. तो एखाद्या नवशिक्याला एकत्रच द्यावा आणि कोणत्या संचातील किती कार्डे आहेत, याची चिठ्ठी त्यात ठेवावी.